स्टीअरिंग जड झालं होतं

१

गाडी भिंतीला धडकली सकाळी साडेनऊला, आणि दुपारी चारला गुन्हेगार ठरलासुद्धा. साडेसहा तासांत! आमच्या ऑफिसातल्या पंख्याचं बटण दुरुस्त व्हायला दीड महिना लागतो. पण एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दोषी ठरवायचं म्हटलं की सगळ्यांच्या अंगात कशी चपळाई येते बघा.

मी विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासते. सव्वीस वर्षं झाली. गॅरेजवाले माझ्या माघारी मला 'खडूस' म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. या वेळी फाइल हातात देताना साहेब म्हणाले की काम अगदी सोपं आहे, चालकाला डुलकी लागली होती, संस्थेचा अहवाल सोबत जोडलाय, दोन ओळी लिहा आणि मोकळ्या व्हा. मला कोणी 'दोन ओळी लिहा' म्हटलं की माझं डोकं तिथेच फिरतं. मी पर्स उचलली आणि निघाले.

गाडी एका डायलिसिस केंद्राची होती. रुग्णांना घरून आणायचं, उपचार झाले की परत सोडायचं. त्या दिवशी उतारावरून येताना लाँड्रीपाशी डावीकडे वळायचं होतं, आणि गाडी वळलीच नाही. सरळ लाँड्रीच्या भिंतीत गेली. मागे बसलेल्या रुग्णबाईंचं खांद्याचं हाड मोडलं. चालकाच्या दोन बरगड्या आणि मनगट गेलं. शुद्धीवर आल्यापासून तो एकच सांगत होता, की स्टीअरिंग एकाएकी जड झालं. यावर केंद्राच्या वर्कशॉपचा अहवाल असा: स्टीअरिंगचं तेल पूर्ण, पंप ठीक, पट्टा ठीक, नळ्या ठीक. दोष आढळला नाही.

चालकाला सगळे 'काका' म्हणतात. वय एकसष्ट, गाडी चालवायला लागून बत्तीस वर्षं झालेली, आणि तेवढ्या वर्षांत कोणाच्या सायकलला धक्का नाही. मी वॉर्डात गेले तेव्हा खाटेशेजारी वर्कशॉपचे मुख्य मेकॅनिक बसले होते. त्यांना सगळे 'उस्ताद' म्हणतात. ते संत्रं सोलून एकेक फोड काकांच्या तोंडात घालत होते. दोघांची वीस वर्षांची दोस्ती, रोज डबा एकत्र, असं काकूंनी मला कौतुकानं सांगितलं. अपघात झाल्यापासून गेले तीन दिवस उस्ताद रोज येत होते.

उशीखाली एक कागद होता. काकूंनी तो काढून दाखवला. 'मला वाहन चालवताना डुलकी लागली व त्यामुळे अपघात झाला', खाली सहीची जागा रिकामी. सही केली तर केंद्र पोलिसांत प्रकरण वाढवणार नाही, फक्त नोकरी आणि लायसन्स जाईल. नाही केली तर खटला. मॅनेजर दुसऱ्या दिवशी बाराला सही घ्यायला येणार होते.

मी काकांना सरळ विचारलं, की तुम्हाला झोप लागली होती का? त्यांनी आधी उस्तादकडे पाहिलं, मग छताकडे.

"लागलीच असेल मॅडम," ते म्हणाले. "गाडीत दोष नाही, म्हणजे दोष माझ्यातच. मला स्टीअरिंग जड झाल्याचं अगदी नीट आठवतं. पण आता वाटतं, झोपेत स्वप्नच पडलं असेल."

उस्ताद त्यांच्या पायावर थोपटत म्हणाले, की वय कोणाला चुकलंय, एवढं मनाला लावून घेऊ नये. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाड मोडलं तर जुळतं. पण माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास काढून घ्यायचा, आणि तोही एका कागदावर? मी काकूंना बजावलं, की मी येईपर्यंत या कागदाला कोणाचं पेन लागता कामा नये.

२

गाडी केंद्राच्या मागच्या आवारात उभी होती. नाक चेपलेलं, दिवा लोंबकळलेला, पण बॉनेट उघडत होतं.

स्टीअरिंगचं गणित फार अवघड नसतं. ही गाडी जुन्या पद्धतीची, तिच्या स्टीअरिंगला विजेची मोटार नाही. इंजिनवरून एक पट्टा पंपाला फिरवतो, पंप तेलाला दाब देतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. म्हणून तर एका हातानं गाडी वळते. ही मदत बंद पडायची कारणं मोजकीच. तेल गळून कमी होतं, चुकीचं किंवा घाण तेल पडतं, नळी फाटते, पंप झिजतो, नाहीतर पट्टा सैल होतो किंवा तुटतो. मदत गेली की स्टीअरिंग बंद नाही पडत, पण असं जड होतं की वळणावर अचानक झालं तर पैलवानालाही गाडी वेळेत वळवता येऊ नये.

मी बाह्या वर केल्या. तेलाच्या डब्यात तेल खुणेपर्यंत, स्वच्छ, जळका वास नाही. नळ्या कोरड्या. पंप हातानं फिरवून पाहिला, कुरकुर नाही. तेल जिथून चाकांकडे जातं तिथपर्यंत पालथी पडून पाहिलं, कुठे गळती नाही. पट्टा जागेवर, हवा तेवढा ताणलेला. अहवालात लिहिलेलं शब्दन् शब्द खरं होतं. मी तिथेच चाकाला टेकून बसले. खरं सांगते, एक मिनिटभर मलाही वाटलं, की लागली असेल डुलकी.

मग माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. कोपरापर्यंत हिरवट डाग लागले होते. धडकेत रेडिएटर फुटला होता आणि त्यातलं हिरवं पाणी चहूकडे उडून वाळलं होतं. इंजिनवर डाग, पंपावर डाग, पंपाच्या पुलीवर डाग, पट्टा ज्या दोन पुल्यांवरून फिरतो त्या दोन्हींवर डाग.

पट्ट्यावर एकही नव्हता.

मी रुमाल ओला करून पट्टा पुसला. रुमाल कोरा. नखानं खरवडला. काही नाही. पाणी उडालं तेव्हा हा पट्टा तिथे नव्हताच. म्हणजे धडक झाल्यानंतर कोणीतरी शांतपणे बॉनेट उघडून तो बसवला होता, आणि मग 'पट्टा ठीक' असं लिहून झालं होतं.

या गाडीत स्टीअरिंगच्या पंपाचा पट्टा वेगळा, एकटा असतो. तो तुटला तरी इंजिन चालू राहतं, समोर कुठला दिवा लागत नाही. फक्त चालकाच्या हाताला कळतं. आणि त्या हातालाच सगळे खोटं पाडत होते.

३

गाडी अकराला क्रेननं उचलून आवारात आणली होती आणि अहवाल चारला लिहिला गेला. म्हणजे या पाच तासांतलं काम. त्या पाच तासांत आवारात कोण कोण होतं, ते शोधायचं होतं.

पण त्याआधी मी गेले रुग्णबाईंकडे. त्या निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर भूगोल शिकवलेला. हात गळ्यात बांधलेला, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. मी विचारलं, तुमचा जबाब कोणी घेतला? त्या म्हणाल्या की कोणी आलंच नाही. मला कमी ऐकू येतं म्हणे, मग विचारून काय उपयोग! आता बोला. गाडीत दोन माणसं, त्यातलं एक आरोपी, आणि दुसऱ्याला विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

"झोपला होता? अगं, तो मला वांग्याच्या रोपांना कीड लागल्याचं सांगत होता," बाई म्हणाल्या. "सांगता सांगता पुढे काहीतरी फटकन वाजलं. मलासुद्धा ऐकू आलं, मग किती मोठं असेल बघ. तो म्हणाला, 'अरे, वळत का नाही हे?' आणि दोन्ही हातांनी ओढायला लागला. पाठ अशी ताठ झाली होती त्याची."

आणखीही एक त्यांनी सांगितलं. गेले काही आठवडे गाडी वळताना पुढून चिरका आवाज यायचा. मांजराचं पिल्लू अडकलंय की काय, असं त्या चेष्टेनं म्हणायच्या. जीर्ण झालेला पट्टा असाच ओरडतो. काकांनी ते वर्कशॉपमध्ये दोनदा सांगितलं होतं.

आवारात परतले तेव्हा केंद्राचा दुसरा चालक भेटला. गाडी जोरात हाकतो म्हणून त्याचं नाव पडलंय वाऱ्या. काकांची मोठी गाडी आपल्याला मिळावी म्हणून हा वर्षभर मॅनेजरच्या मागे होता, आणि त्या दुपारी तो अपघाताच्या गाडीपाशी दिसल्याचं दोघा-तिघांनी सांगितलं. मी त्याला धरलाच. तो गडबडला, मग म्हणाला की भूगोलाच्या बाईंचा चष्मा मागच्या सीटखाली पडला होता, तो आणायला गेलो होतो.

मॅनेजर म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि गोड हसू. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि उस्तादनं सही केलेलं दोन महिन्यांपूर्वीचं तपासणीपत्र पुढे केलं. त्यात स्वच्छ लिहिलेलं, की स्टीअरिंगचा नवा पट्टा बसवला, गाडी रस्त्यावर नेण्यालायक. आता पट्टा दोन महिन्यांचा, तर तुटेल कसा, असं ते मलाच विचारू लागले. त्या दुपारी तेही गाडीपाशी गेले होते, फोटो काढायला म्हणून.

मग राहिल्या स्टोअरच्या बाई. बारीक चणीची, चष्म्यावरून बघणारी बाई. यांच्या खिडकीतून सगळं आवार दिसतं आणि यांच्या हातून गेल्याशिवाय साधा नटसुद्धा गाडीला लागत नाही. मी दोन महिन्यांपूर्वीच्या पट्ट्याचं विचारलं, तर त्या हसल्याच. म्हणाल्या, कसला पट्टा? उस्तादनं तीनदा मागितला, तीनदा मी वर चिठ्ठी पाठवली, आणि तिन्ही वेळा मॅनेजरांनी 'सध्या चालतंय ना, चालू द्या' म्हणून परत केली. स्टोअरमधून पट्टा गेलेलाच नाही.

वाऱ्याचं विचारलं. तो गाडीपाशी होता खरा, पण जेमतेम दोन मिनिटं, आणि चष्मा घेऊन परत आला तेव्हा तो यांनाच दाखवून गेला. पट्टा बसवायला पंप सैल करावा लागतो, पाना लागतो, सवय असली तरी वीस मिनिटं जातात. वाऱ्या सुटला. मॅनेजरांना तर बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही, त्या दिवशी त्यांनी फोटोसाठी दुसऱ्याकडून उघडून घेतलं होतं. मग स्टोअरच्या बाई जेवायला गेल्या, आणि पाऊण तास खिडकीत कोणीच नव्हतं.

"उस्तादनंच बाहेरून आणून बसवला असेल दोन महिन्यांपूर्वी," मी त्यांना उचकवायला म्हटलं.

"मग त्यावर आकडा असेल," बाई म्हणाल्या. "उस्तादची ती जन्माची खोड आहे. फिल्टर असो, पट्टा असो, बसवला की पांढऱ्या रंगानं मागच्या बाजूला गाडीचं किलोमीटर लिहिणार. आमच्याकडे दुसरं कोणी लिहीत नाही. कंटाळा करतात मेले."

४

दुसऱ्या दिवशी दहाला मी छोटा आरसा आणि विजेरी घेऊन पुन्हा गाडीपाशी होते. रात्रभर मी एकच हिशेब जुळवत होते. पट्टा खरंच दोन महिन्यांपूर्वी बसवला असेल तर त्यावरचा आकडा आजच्यापेक्षा चार-पाच हजारांनी कमी हवा. दुसऱ्या कोणी गुपचूप बसवला असेल तर आकडाच नसेल.

पट्टा हातानं थोडा थोडा पुढे सरकवत गेले. खालच्या बाजूनं पांढरा रंग वर आला. एक, चार, आठ, सात, तीन, सहा. साताच्या पोटात आडवी रेघ, अगदी त्या तपासणीपत्रातल्यासारखी.

मग मी पुढच्या सीटवर बसले आणि किलोमीटरचं डायल पाहिलं. एक, चार, आठ, सात, तीन, सहा.

एका किलोमीटरचाही फरक नाही. भिंतीला धडकल्यावर गाडी स्वतःच्या चाकांवर इंचभर हलली नव्हती, आणि पट्ट्यावर बरोबर तोच आकडा होता. पट्टा आणला चोरून, बसवला चोरून, कागदावर लिहिलं खोटं. पण बसवून झाल्यावर तीस वर्षांच्या सवयीनं रंगाची कांडी उचलली गेली, डायल वाचलं गेलं, आणि हात खरं लिहून मोकळा झाला. असली चूक चोराच्या हातून होत नाही. ती नेकीनं काम करणाऱ्याच्याच हातून होते, आणि म्हणून मला जास्त संताप आला.

मान वर केली तर उस्ताद समोर उभे. माझ्या हातातला आरसा त्यांनी पाहिला. ते वर्कशॉपमध्ये गेले आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. तुटलेला पट्टा होता, भेगाळलेला, एका बाजूचे धागे निघालेले.

ते बोलले ते थोडक्यात सांगते. पट्टा जीर्ण झालाय हे त्यांना दोन महिन्यांपासून माहीत होतं. नवा मिळेना. गाडी उभी ठेवली तर रुग्ण आणायचे कसे, असं म्हणून मॅनेजरांनी 'पट्टा येतोच आहे, तुम्ही लिहून टाका' असं सांगितलं. यांनी लिहून टाकलं. अपघात झाल्यावर मॅनेजरांनी तेच पत्र यांच्यापुढे नाचवलं. सही तुमची आहे, एक तर तुरुंगात तुम्ही जाल, नाहीतर म्हातारा घरी जाईल. ठरवा. मग यांनी स्वतःच्या पैशानं बाजारातून नवा पट्टा आणला आणि स्टोअरच्या बाई जेवायला गेल्या तेव्हा बसवला.

"मला वाटलं, त्याची नोकरी तशीही संपतच आली होती," उस्ताद म्हणाले. "माझी मुलगी अजून शिकतेय, मॅडम."

मॅनेजरांचा मला राग आला होता, पण तो अपेक्षित राग होता. खरी चीड आली ती या माणसाची. भीतीपोटी माणूस खोटं लिहितो, समजू शकते. पण नंतर रोज जाऊन खाटेवर बसायचं, आणि ज्याचे हात बरोबर होते त्यालाच 'वय झालं' म्हणून समजावायचं? मी त्यांना तोंडावर सांगितलं, की पट्टा तुटला तो एका क्षणात, पण तुम्ही तीन दिवस त्या माणसाला तोडताय. त्यांनी पाना घेतला आणि नवा पट्टाही सोडवून माझ्या हातात दिला. मी घड्याळ पाहिलं. साडेअकरा झाले होते. मी त्यांना म्हटलं, माझ्या गाडीत बसा.

५

आम्ही वॉर्डात शिरलो तेव्हा मॅनेजर खुर्चीवर होते आणि पेन काकांच्या डाव्या हातात. उजवं मनगट प्लास्टरमध्ये, म्हणून काकू कागद धरून उभ्या होत्या. माझ्यावर भरवसा ठेवून त्यांनी बारापर्यंत वेळ काढला होता, पण आता बारा वाजायला आले होते.

मी कागद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि खाटेवर दोन्ही पट्टे ठेवले. मग पहिल्यापासून सगळं सांगितलं. हिरवं पाणी सगळ्यांवर उडालं आणि पट्ट्यावर नाही. भूगोलाच्या बाईंनी फटकन आवाज ऐकला. स्टोअरमधून तीनदा चिठ्ठी गेली आणि तीनदा परत आली. दोन महिन्यांपूर्वी बसवलेल्या पट्ट्यावर अपघाताच्या क्षणाचं किलोमीटर कसं, याचं उत्तर कोणाकडे असेल तर द्यावं, असं मी मॅनेजरांना विचारलं.

ते म्हणाले की ही सगळी तांत्रिक बाब आहे, केंद्रात बसून बोलू. मी म्हटलं, बाईंचं हाड मोडलं तेही तांत्रिकच का? तुमच्या परत आलेल्या तिन्ही चिठ्ठ्या स्टोअरच्या बाईंनी जपून ठेवल्यात, आणि माझा अहवाल दोन ओळींचा नाही, नऊ पानांचा होणार आहे. पहिली प्रत पोलिसांना. ते उठले, शर्ट नीट केला आणि गेले. जाताना पेन विसरले.

काकांचं या कशाकडे लक्ष नव्हतं. ते तुटलेला पट्टा डाव्या हातात घेऊन भेगांवरून अंगठा फिरवत होते.

"म्हणजे मी जागा होतो," ते म्हणाले.

"टक्क जागे होतात," मी म्हटलं. "आणि तुम्ही केलंत त्याहून जास्त कोणालाही करता आलं नसतं."

त्यांनी डोळे पुसले. काकूंनी तर उघड हुंदका दिला. मग काकांनी मान वळवली आणि दाराशी उभ्या असलेल्या उस्तादकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं, मला ते वेगळं सांगावं लागलं नाही. उस्ताद पुढे आले, हात जोडले, मुलीचं नाव काढलं, मॅनेजरांचं नाव काढलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं.

"त्याच दिवशी येऊन सांगायचंस ना, की पट्टा तुटला आणि माझी मान अडकलीय," काका म्हणाले. "तुझ्यासाठी मी स्वतःहून लिहून दिलं असतं, की मला डुलकी लागली. हसत सही केली असती. पण तू माझं मलाच खोटं वाटायला लावलंस."

 काकांनी पट्टा बाजूला ठेवला आणि बरगड्या दुखत असताना, दात दाबून, कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. काकूंनी त्यांच्या खांद्यापर्यंत चादर ओढली आणि आम्हा दोघांनाही बाहेर जायला सांगितलं.